गोठ्यातला ताप

इंदूबाईला चहाचा मनस्वी तिटकारा होता. चांगलं दूध घ्यायचं, त्यात पाणी ओतायचं, वर तो काळा पाला उकळायचा आणि मग बशीत ओतून फुंकत बसायचं, हा तिच्या मते दूध वाया घालवायचा साहेबी उद्योग होता. दूध प्यावं तर धारोष्ण. सडातून तांब्यात आणि तांब्यातून थेट पोटात. मध्ये चूल नको, धूर नको, साखर तर नकोच. तिचा बाप जन्मभर तसंच दूध प्यायला आणि ऐंशी वर्षांचा होऊन गेला, हे वाडीतल्या कुत्र्यामांजरांनासुद्धा पाठ झालं होतं.

तिचा नवरा येसाजी एरवीही तेच दूध पीत होता, तेव्हा तो तापानं अंथरुणाला खिळल्यावर काय द्यायचं हे वेगळं ठरवायची गरजच पडली नाही. रोज सकाळी इंदूबाई गोठ्यात जाई, चंद्री गाईच्या कासेला बसे आणि फेसाळलेला तांब्या पदराखाली झाकून नवऱ्याच्या उशाशी आणी. तो म्हणे, "नको गं, वासना नाय." ती त्याच्या मानेखाली हात घालून तांब्या ओठाला लावी आणि तो रिकामा होईपर्यंत तिथून हलत नसे. स्वतः मात्र तिनं त्यातला घोट कधी घेतला नाही. घरातलं दूध गड्यांसाठी, बाईमाणसाला ताक पुरे, अशी तिची सासरी आल्यापासूनची शिस्त होती. तीन-साडेतीन महिने तिनं एक सकाळ चुकवली नाही.

ताप मात्र हटेना. लोधिवलीच्या खालच्या अंगाला त्यांची वीस-बावीस उंबऱ्यांची वाडी. तिथं तापाचं कुणाला नवल नव्हतं. खाचरांत पाणी तुंबलं की निम्मी वाडी हिवतापानं कुडकुडायची आणि जवळच्या चौक गावातल्या दवाखान्यातल्या कडू गोळ्या खाऊन उठून कामाला लागायची. येसाजीनंही त्या गोळ्या खाल्ल्या. त्याचे कान वाजायला लागले, पण ताप गेला नाही. हा तापच निराळा होता. सकाळी उतरायचा, दुपार कलली की चढायचा. आठ दिवस जोरात, आठ दिवस मंद, मग चार दिवस गायब, आणि घरच्यांनी जरा श्वास सोडला की पुन्हा हजर. घामानं घोंगडी भिजायची. कंबर, खांदे, गुडघे असे धरायचे, की भाताचं पोतं एकट्यानं पाठीवर घेणारा गडी आता भिंत धरून परसात जात होता.

माणसाला दुखणं एक वेळ सोसतं, पण दुखण्याचं कारण कळलं नाही तर ते सोसत नाही. कारण हवंच. सापडलं नाही तर जवळ जो उभा असेल त्याची मान धरायची, ही आपली जुनी खोड. येसाजीच्या घरात जवळ उभी होती ती नवी सून मैना.

मैना कडावची. माघात तिचं लग्न झालं येसाजीच्या एकुलत्या मुलाशी, वाल्मिकशी. वाल्मिक कर्जतला रेल्वेच्या गँगवर कामाला होता. शनिवारी घरी यायचा आणि सोमवारी जायचा. मैना अंगानं शिडशिडीत, कामाला वाघ आणि बोलायला कंजूस. हे शेवटचं इंदूबाईला फारसं रुचत नसे. स्वतः बोलघेवड्या माणसाला गप्प माणूस आतल्या गाठीचा वाटतो, तसंच ते. शिवाय तिच्या मनात होती चिंधी, तिच्या धाकट्या भावाची, मालोजीची मुलगी. मामाची मुलगी हक्काची. पण येसाजीनं कडावला शब्द दिला होता, म्हणून ती गप्प बसली, इतकंच.

मग चैत्रात चंद्रीनं गाभ टाकला. सात महिने भरले असताना वासरू मेलेलं पडलं. ज्येष्ठात येसाजी तापानं पडला. आणि आषाढात, पाचव्या महिन्यात, मैनेचं पोट रिकामं झालं. एका सुनेच्या पाठोपाठ तीन घाव. वाडीतल्या बायकांनी पाणवठ्यावर बोटांवर हिशेब जुळवला, "पांढऱ्या पायाची गं बाय, पांढऱ्या पायाची," आणि इंदूबाईनं तो मान्य केला. श्रावण लागायच्या आत मैनेला 'विश्रांतीला' म्हणून कडावला पोचवलं. गौरी आल्या आणि गेल्या, तरी कुणी तिला आणायला गेलं नाही. मालोजी शिळफाट्याहून दोन वेळा येऊन गेला. दुसऱ्या खेपेला त्यानंच तोड सुचवली. घट बसायच्या आत कडावला जायचं, दोन्हीकडचे पंच बसवायचे, आणि काडी मोडून पोरीला मोकळं करायचं. पंचांच्या देखत गवताची काडी मोडली की नवरा-बायकोचं नातं तुटलं, अशी त्यांच्यातली रीत. तुळशीचं लग्न झालं की चिंधीची हळद.

वाल्मिक "बघा काय ते" म्हणाला आणि कर्जतला निघून गेला. येसाजी अंथरुणातून एवढंच म्हणाला, "इंदे, चोर सोडून संन्याशाला फाशी देऊ नकोस." पण तापकऱ्याचं बोलणं कोण मनावर घेतो?

काडीचा दिवस ठरला आणि त्याच आठवड्यात वाडीत गुरांचे डॉक्टर आले.

टिपणीस त्यांचं नाव. मूळचे पेणकडचे, नेमणूक कर्जतला. जर्मनची लढाई संपून वर्ष उलटलं तरी खाकी अर्धी चड्डी सोडली नव्हती, आणि सायकलवर मागं एक लाकडी पेटी. गुरांना बुळकांडीची सुई टोचायला ते गावोगाव फिरत होते. वाडीतली सगळी जनावरं पारावर आणली गेली. चंद्रीची पाळी आली तेव्हा डॉक्टरांनी तिच्या कासेकडे पाहिलं, मग इंदूबाईकडे.

"वासरू कुठं आहे हिचं?"

"गाभ टाकला बगा चैत्रात. नजर लागली, दुसरं काय."

"कितव्या महिन्यात?"

"सातव्या."

डॉक्टरांनी हातातली सुई खाली ठेवली. दूध कोण पितं, कसं पितं, हे त्यांनी विचारलं. इंदूबाईनं आनंदानं धारोष्ण दुधाची महती सुरू केली, बापाची ऐंशी वर्षंही सांगितली आणि ओघात नवऱ्याचा तापही सांगितला. डॉक्टर मध्येच म्हणाले, "ताप दुपारी चढतो? सांधे धरतात? घाम फार येतो?"

इंदूबाई चमकली. गुरांच्या डॉक्टरला हे कुणी सांगितलं?

ते घरी आले, येसाजीजवळ बसले, त्याची पाठ आणि गुडघे दाबून पाहिले. मग अंगणात येऊन त्यांनी चंद्रीच्या मानेची शीर दाबली आणि सुईनं तिचं रक्त काचेच्या नळीत घेतलं. पुढं ते जे म्हणाले, त्यानं इंदूबाईचा पारा चढला. "येसाजींचंही रक्त लागेल. मी माणसांचा डॉक्टर नाही, मला घेता येत नाही. चौकच्या डॉक्टरांना चिठ्ठी देतो, ते येऊन घेतील. दोन्ही नळ्या एकाच डब्यातून मुंबईला जातील."

"येकाच डब्यातनं?" ती म्हणाली. "गुराचं नि माज्या मालकाचं रगत येकाच डब्यातनं? वा रं वा! उद्या म्हनाल दोगांना येकाच दावनीला बांदा!"

आतून येसाजीचा हसण्याचा आवाज आला, किती दिवसांनी. "घेऊ दे गं. मी बी जन्मभर औतालाच जुपलेला हाय. रगत येकच निगायचं."

डॉक्टरही हसले. मग पायरीवर बसून त्यांनी तिला समजावलं. गाई गाभ टाकतात असा एक रोग आहे. त्याचे जंतू दुधातून, गाभाबरोबर पडणाऱ्या वारेतून माणसाच्या अंगात शिरतात आणि त्याला असा भरती-ओहोटीचा ताप येतो. डोळ्यांना ते दिसत नाहीत. पण ज्या अंगात ते शिरले, त्या अंगाचं रक्त त्यांना ओळखून ठेवतं. मुंबईला प्रयोगशाळेत तेच जंतू मारून नळीत ठेवलेले असतात. त्यांत या रक्ताची निवळ, म्हणजे गोठलेल्या रक्तावर येणारं पिवळसर पाणी, टाकली आणि रक्ताची ओळख पटली, की पाणी साखळतं. दुधात लिंबू पडल्यावर होतं तसं. ओळख नसेल तर काही होत नाही.

"आणि तोवर," डॉक्टर उठता उठता म्हणाले, "दूध उकळल्याशिवाय कुणाच्या ओठाला लावू नका. येसाजींच्या तर नाहीच."

इंदूबाईनं मान डोलावली आणि दुसऱ्या दिवशी पहाटे धारोष्ण तांब्या भरला. तो घेऊन ती नवऱ्याच्या उशाशी गेली, बसली आणि तशीच बसून राहिली. येसाजीनं डोळे उघडून पाहिलं. बायकोचा हात आज पुढं येत नव्हता. शेवटी ती उठली, तांब्या चुलीवरच्या पातेल्यात रिकामा केला आणि दूध उतू जाईपर्यंत बघत उभी राहिली. खरं सांगायचं तर तिला त्या दिवशी डॉक्टरांचा रागच आला होता. पण रागाच्या खाली भीती होती, आणि ती तिची तिलाच कळत होती.

चौकच्या डॉक्टरांनी रक्त नेलं. दहा दिवस गेले. काडीच्या आदल्या दिवशी, सकाळची न्याहारी उरकते न उरकते तोच टिपणीस सायकल हातात धरून अंगणात आले. त्यांच्या हातात एक पाकीट होतं.

"दोन्ही नळ्यांत साखळलं," ते म्हणाले. "गाईच्याही आणि येसाजींच्याही."

तीन-साडेतीन महिने रोज सकाळी आपण मानेखाली हात घालून नवऱ्याला काय पाजत होतो, हे इंदूबाईला त्या एका वाक्यात कळलं. तिनं कपाळावर हात मारून घेतला. "मी गं बाय! माज्याच हातानं!"

"तुम्ही मुद्दाम केलं नाहीत," डॉक्टर समजुतीनं म्हणाले. "चौकचे डॉक्टर औषध सुरू करतील. वेळ लागेल, पण हा ताप सहसा जीव घेत नाही. आता मला नीट सांगा. गाईनं गाभ टाकला तेव्हा वार आणि ते वासरू कुणी उचललं?"

ती सांगायला तोंड उघडून थांबली. चैत्रातली ती सकाळ तिच्या डोळ्यांपुढं आली. रक्तानं माखलेला गोठा, आणि स्वतः ती दारात उभी. माहेरच्या गाईचं वासरू मेलं, ते तिला बघवत नव्हतं. म्हणून तिनं सुनेला हाक मारली होती, 'मैने, ते सगळं उचल आणि परसात पूर.' मैनेनं लुगडं खोचलं, दोन्ही हातांनी ते उचललं, पुरलं, शेणानं गोठा सारवला. तिच्या तळहाताला तेव्हा विळ्याची ताजी चीर होती.

"सुनेनं," इंदूबाई म्हणाली.

"त्या कुठं आहेत?"

आतून येसाजीच म्हणाला, "म्हायेरी धाडलीय. तिचं पोट पडलं आषाढात. पाचवा हुता."

डॉक्टर जपून म्हणाले, "गाईंच्या बाबतीत मी छातीठोक सांगू शकतो. बायकांच्या बाबतीत नाही. कधी कधी या रोगानं असं होतं, एवढंच वाचलंय. त्यांचंही रक्त बघायला हवं. असेल तर त्यांनाही औषध द्यावं लागेल." आणि निघताना पाकीट इंदूबाईच्या हातात देऊन त्यांनी आणखी एक प्रश्न विचारला. गाय आली कुठून? तिथं हिनं आधी असंच काही केलं होतं का, ते विचारा.

चंद्री आली होती गेल्या भाऊबीजेला. मालोजीनं ओवाळणीत घातली होती. शिंगांना गेरू, गळ्यात घुंगरांचा पट्टा, आणि पोटात तिसरा महिना. "आक्का, लक्ष्मी आनलीय तुला," असं म्हणाला होता. सगळ्या वाडीनं येऊन पाहिली होती. इंदूबाईच्या माहेराची शोभाच ती. त्यानंतर तीन महिन्यांनी मैना उंबऱ्याचं माप ओलांडून आत आली. म्हणजे पायगुण बघायचाच, तर त्या घरात आधी कुणाचे पाय आले होते?

त्या दिवशी इंदूबाईचं कशात लक्ष लागलं नाही. तिला आपल्या भावाची लाज झाकायची होती. एक वाटही दिसत होती. कडावला जायचं आणि मोठ्या मनानं म्हणायचं, 'झालं गेलं गंगेला मिळालं, आम्ही पोरीला नेतो.' काडी मोडायची नाही, कारण सांगायचं नाही. सून घरी येईल, भावाचं नाव राहील आणि आपलंही. कुणाचं काय बिघडलं? येसाजीला तिनं हे बोलून दाखवलं. तो बघत राहिला आणि म्हणाला, "तिचं बिगडलं की." मग कूस बदलून भिंतीकडे तोंड केलं.

दुसऱ्या दिवशी तांबडं फुटताना बैलगाडी निघाली. गाडीत इंदूबाई, वाडीतले पंच चांगो पाटील, आणि शिळफाट्याहून मुक्कामाला आलेला मालोजी. वाल्मिक कर्जतच्या नाक्यावर चढणार होता. वाटेभर दोन्ही बाजूंना भात पोटरीत आलं होतं. मालोजीची जीभ थांबत नव्हती. चिंधीला पातळ कसलं घ्यायचं, कापडाला रेशनचा परवाना मिळेल का, मांडव आपल्या दारी की तुमच्या. इंदूबाई हूं हूं करत होती. पाकीट तिच्या कनवटीला होतं आणि गाडीच्या प्रत्येक हिसक्याला ते टोचत होतं. भावाच्या बोलण्यात कुठं कपट दिसतंय का, ते ती शोधत होती. तिला फक्त लहानपणी कडेवर घेतलेला तिचा मालू दिसत होता, आणि म्हणून जास्तच वाईट वाटत होतं.

कर्जतला वाल्मिक चढला. दाढी वाढलेली, डोळे खाली. तो आईच्या शेजारी बसला तरी तिच्याशी बोलला नाही. त्याच्या कपड्यांना कोळशाचा आणि चहाचा वास येत होता. उकळलेला चहा पिणारा हा पोर धडधाकट, आणि बाप अंथरुणात. इंदूबाईला हसावं की रडावं कळेना.

कडावला मैनेच्या बापाच्या, मोरूच्या ओटीवर घोंगड्या अंथरल्या होत्या. त्यांच्याकडचे दोन पंच बसले होते. मैनेची आई धोंडूबाई दाराआड उभी. ताटलीत विडा, सुपारी आणि एक वाळलेली काडी. पाणी झालं, गूळ झाला, पाऊसपाण्याची चौकशी झाली. मग चांगो पाटलांनी घसा खाकरला. "पोरीला भायेर बोलवा."

मैना आली आणि खांबाशी उभी राहिली. आधीच बारीक, आता तर उन्हात धरली तर पलीकडचं दिसेल अशी. तिनं कुणाकडे पाहिलं नाही. वाल्मिकनं डोळे वर करून तिच्याकडे पाहिलं.

पाटलांनी काडी उचलायला हात पुढं केला, तेव्हा इंदूबाई म्हणाली, "थांबा. काडी मोडायची नाय. आमी सुनंला न्यायला आलोय."

ओटीवर कुजबुज झाली. मालोजीचं तोंड उघडंच राहिलं. धोंडूबाई दाराआडून बाहेर आली आणि तिनं देवाला हात जोडले. इंदूबाईला वाटलं, सुटलो. एवढ्यात भागलं.

तेवढ्यात मैना बोलली. त्या घरात सहा महिने नांदून इंदूबाईनं तिचा एवढा स्पष्ट आवाज कधी ऐकला नव्हता.

"आत्याबाय, मला नेताय ते कशी म्हनून? माजे पाय धुऊन निगाले का?"

मोरूनं गप्प बसायची खूण केली, पण ती थांबली नाही.

"मी आले तर वाडीतल्या बाया मला पानवट्यावर काय म्हनतील? कुनाचं वासरू मेलं, कुनाचं पोर तापलं, तर कुनाकडं बगतील? तसं यायचं असंल तर मोडा ती काडी. माजी मी हाय."

"मैने!" धोंडूबाई ओरडली. मोरूनं कपाळाला हात लावला. पण इंदूबाई सुनेकडे बघत होती, आणि तिला येसाजीचं बोलणं आठवलं. त्यानं आदल्या दिवशीच सांगितलं होतं, तिचं बिघडलं म्हणून.

तिनं कनवटीचं पाकीट काढून चांगो पाटलांपुढं ठेवलं. "पाटील, तुमी वाचा नायतर माजं ऐका. माज्या मालकाचा ताप माज्या गाईचा हाय. सरकारी डाक्तरनं दोगांचं रगत मुंबईला धाडलं. दोगांत येकच रोग निगाला. गाभ टाकला तो त्याच रोगानं. मालकाला कच्चं दूद पाजलं ते मी. ती घान उचलायला हिला लावलं ते बी मी. हिच्या पोटात तवा पोर हुतं. मला ठावं नव्हतं, पन लावलं मीच. आनि ही गाय माज्या म्हायेरनं आली. हिच्या आदी तीन म्हयने."

"आक्का, गप की," मालोजी हळूच म्हणाला.

"मालू, सगळ्यांच्या देकत सांग. तुज्याकडं असताना चंद्रीनं गाभ टाकला हुता का?"

मालोजी घोंगडीचे धागे उपसत बसला. मग मान न उचलता म्हणाला, "येकदा. आदल्या वर्सी. मला वाटलं, गोठा बदलला की गुन बदलतो. सगळे तसंच म्हंतात, आक्का. तुज्या हाताला यश हाय म्हनून तुला दिली. तुजं वाईट व्हावं म्हनून नाय गं." त्याचे डोळे भरले होते. तो खोटं बोलत नव्हता, हे इंदूबाईला कळलं, आणि त्याच्यावर चिडायचंसुद्धा तिला जमेना.

चांगो पाटलांनी कागद उलटासुलटा केला, वाचता येत असल्यासारखा. मग म्हणाले, "मंग पोरीकडं दोस नाय. मिटलं."

"हिचं बी रगत बगायला सांगितलंय डाक्तरनं," इंदूबाई म्हणाली. "रोग असंल तर दवा लागंल."

मैनेनं पहिल्यांदा तिच्या डोळ्याला डोळा दिला. "आनि माज्या रगतात नाय निगालं तर?"

"तर काय?"

"तर परत मी पांढऱ्या पायाचीच का? गाईचं कारन गाईला, मामंजींचं कारन मामंजींना. माजं पोर गेलं त्याचं कारन मंग मीच?"

आता हा प्रश्न डॉक्टरांनासुद्धा सुटला नसता. इंदूबाईला तो आषाढातला दिवस आठवला. मैना आत कण्हत होती, सुईण आत-बाहेर करत होती, आणि आपण ओटीवर पाठ करून तांदूळ निवडत बसलो होतो. सुईणीनं फडक्यात गुंडाळलेलं बाहेर नेलं, तेव्हाही मान वळवली नाही. आत जाऊन पोरीच्या कपाळावर हात ठेवला नाही. त्या दिवशी तर कुणाच्या रक्तात काय आहे, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. तरी तिनं निकाल देऊन टाकला होता.

ती उठली. सासूनं सुनेकडे चालत जायचं, तेही पंचांदेखत, असं त्यांच्यात होत नाही. ती खांबापर्यंत गेली.

"नाय निगालं तर नाय निगालं," ती म्हणाली. "पोरी, रगत द्यायचं ते दव्यासाठी. तुजा चांगुलपना ठरवाया नाय. तो मला दिसत हुता. मी बगितला नाय." मग सगळ्या ओटीला ऐकू जाईल अशा आवाजात ती म्हणाली, "जो कुनी हिच्या पायाचं नाव काढील, त्यानं आदी माज्या म्हायेरच्या गाईचं काढावं. पानवट्यावर मी स्वता सांगंन."

मालोजीनं मान आणखी खाली घातली. मैना तशीच उभी होती. तिचा चेहरा हलला नाही, आणि इंदूबाईला वाटलं, उशीर झाला, गेली ही. अपमान गिळायची तिला सवय नव्हती, पण आता तो गिळायला ती तयार होती. जाता जाता एकच गोष्ट विचारायची राहिली होती. ती आषाढातच विचारायला हवी होती.

"मैने," ती अगदी हळू म्हणाली, "काय हुतं गं?"

मैनेला आधी कळलंच नाही. मग कळलं.

"पोरगी," ती म्हणाली. "येवडी येवडी बोटं हुती, आत्याबाय. कुनी इचारलंच नाय."

आणि ती खांब सोडून खाली बसली आणि मोठ्यानं रडायला लागली. इंदूबाईनं तिचं डोकं पोटाशी धरलं आणि तीही रडली. इतक्या महिन्यांत त्या नातीसाठी त्या घरातलं कुणी रडलं नव्हतं. ओटीवरचे गडी घोंगड्यांकडे बघत राहिले. वाल्मिक मात्र उठून आला आणि दोघींच्या शेजारी जमिनीवर बसला.